अत्यवस्थ रुग्णाचे रक्त कमी होते तेव्हा



घरातील माणूस मोठ्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात असते. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना अधूनमधून तपासणीचा एक कागद पाहायला मिळतो. त्यावरचे बहुतेक आकडे कळत नाहीत; पण एक शब्द सगळ्यांच्या ओळखीचा असतो, तो म्हणजे हिमोग्लोबिन. भरती केले त्या दिवशी तो आकडा ११ होता, चौथ्या दिवशी साडेनऊ झाला, आठव्या दिवशी ८ वर आला. लगेच बाकावर चर्चा सुरू होते. "रक्त कमी होत चाललंय, मग बाटली का चढवत नाहीत?" कोणाला वाटते, डॉक्टर लक्ष देत नाहीत. कोणी म्हणते, मी सख्खा भाऊ आहे, माझेच रक्त घ्या. कोणी गावी फोन करून चार तरुणांना गाडीत घालून बोलावून घेते.

ही धावपळ प्रेमापोटी असते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण अशा रुग्णाचे रक्त का घटते, ते केव्हा चढवतात आणि केव्हा मुद्दाम चढवत नाहीत, हे आधीपासून ठाऊक असेल तर निष्कारण भांडणे टळतात, पैसा वाचतो आणि रुग्णाचेही हित होते. थोडक्यात सांगायचे तर रक्त हे टॉनिक नव्हे, ते औषध आहे. औषधासारखीच त्याला मात्रा असते, वेळ असते आणि दुष्परिणामही असतात.

रक्ताच्या गाड्या

आपल्या रक्ताला तांबडा रंग येतो तो तांबड्या पेशींमुळे. या पेशींत हिमोग्लोबिन नावाचा लोहयुक्त पदार्थ असतो. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचवायचा, हे त्याचे काम. कारखान्याला ऊस नेणाऱ्या बैलगाड्यांसारखेच हे आहे. गाडी भरते, माल उतरवते आणि रिकामी होऊन पुन्हा फडावर येते.

एका तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. जुन्या गाड्या मोडीत निघतात आणि हाडांतील मगजात नव्या तयार होतात. नव्या गाड्यांची मागणी नोंदवण्याचे काम मूत्रपिंडे करतात. त्यांच्याकडून एरिथ्रोपोएटिन नावाचा संप्रेरक सुटतो आणि मगजाला काम वाढवण्याचा हुकूम मिळतो. गाडी बांधायला लोखंड हवे, तसेच फोलिक आम्ल आणि बी-१२ ही जीवनसत्त्वेही हवीत.

प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ च्या खाली गेले की रक्तक्षय आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानते. (हे आकडे १०० मिलिलिटर रक्तातील ग्रॅमचे आहेत, या लेखात सर्वत्र तसेच समजावे.) हे माप चालत्याफिरत्या माणसासाठी आहे. अंथरुणाला खिळलेल्या अत्यवस्थ रुग्णाचे हिमोग्लोबिन ८ झाले, म्हणजे लगेच जिवाला धोका आहे असे नाही. गाड्या थोड्या कमी झाल्या तर उरलेल्या गाड्या अधिक खेपा करतात, म्हणजे हृदय अधिक रक्त फिरवते. शिवाय प्रत्येक गाडीतून एरवी जेवढा माल उतरवला जातो, त्याहून अधिक उतरवून घेण्याची सोय शरीराने करून ठेवली आहे. म्हणून रक्तक्षय हळूहळू आला तर माणूस तो बराच सोसू शकतो. मात्र बैलच थकलेले असतील, म्हणजे हृदय दुबळे असेल, तर अधिक खेपा होत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

अतिदक्षता विभागात रक्त का घटते?

या विभागात काही दिवस काढलेल्या बहुतेक सर्व रुग्णांचे हिमोग्लोबिन खाली येते. याची कारणे एक नाही, अनेक आहेत.

पहिले कारण उघड रक्तस्रावाचे. अपघात, शस्त्रक्रिया, बाळंतपण, जठरातील व्रण यांतून रक्त जाते. मोठ्या आजाराच्या ताणामुळे जठराच्या अस्तराला बारीक जखमा होऊन तेथूनही रक्त झिरपते. म्हणून व्हेंटिलेटरवरच्या पुष्कळ रुग्णांना आम्ल कमी करणारे औषध देतात.

दुसरे कारण तपासणीसाठी काढल्या जाणाऱ्या रक्ताचे. युरोपातील १४६ अतिदक्षता विभागांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत एका रुग्णाचे रोज सरासरी ४१ मिलिलिटर रक्त तपासणीसाठी काढले जात असल्याचे आढळले. दहा दिवसांत हे ४०० मिलिलिटरच्या वर जाते. आपल्याकडे रक्तदात्याकडून घेतली जाणारी लहान पिशवी ३५० मिलिलिटरची असते. म्हणजे दहा दिवसांत आजारी माणसाने एका रक्तदानाहून अधिक रक्त दिल्यासारखे झाले. हे सगळे निष्कारण असते असे नाही. तपासणीवाचून औषधाची मात्रा ठरत नाही. पण जितकी गरज तितकेच रक्त घ्यावे, एवढे मात्र खरे.

तिसरे कारण सलाईनचे. रक्तदाब पडलेल्या रुग्णाला पुष्कळ सलाईन द्यावे लागते. दुधात पाणी घातले की दूध पातळ होते, तसे रक्तही पातळ होते. तांबड्या पेशी तितक्याच राहतात, पण आकडा खाली दिसतो. पुढे ते पाणी लघवीवाटे निघून गेले की आकडा काहीसा आपोआप सुधारतो.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत कमी लोकांना माहीत असते. शरीरात मोठा जंतुसंसर्ग किंवा मोठी इजा झाली की यकृत हेपसिडिन नावाचा पदार्थ जास्त प्रमाणात सोडू लागते. या पदार्थाचा शोध २००० सालाच्या सुमारास लागला. तो शरीरातील लोहाच्या कोठाराला कुलूप घालतो. जंतूंनाही वाढायला लोह लागते, ते त्यांना मिळू नये अशी ही निसर्गाची योजना असावी. पण त्यामुळे कोठार भरलेले असूनही मगजाला लोह मिळत नाही. आतड्यातून लोह शोषले जाणेही मंदावते. त्यातच मूत्रपिंडाकडून येणारा हुकूम क्षीण होतो, आणि आजाराच्या दाहामुळे पेशींचे आयुष्यही घटते. गाड्या लवकर मोडतात आणि नव्या बांधल्या जात नाहीत, अशी दुहेरी अडचण होते.

आपल्या भागात याला आणखी काही कारणे जोडली जातात. भातखाचरात काम करणाऱ्यांना पावसाळ्यात होणारा लेप्टोस्पायरोसिस मूत्रपिंडे बिघडवतो आणि कधी फुप्फुसात रक्तस्राव घडवतो. हिवताप तांबड्या पेशी फोडतो. घोणस किंवा फुरसे चावले तर विषाने रक्त गोठण्याची शक्तीच नष्ट होते. तेथे मुख्य उपाय सर्पविषावरील प्रतिविषाचा. प्रतिविष न देता नुसते रक्त चढवत राहणे म्हणजे फुटक्या बांधात पाणी सोडणे होय. कारणावर उपचार हा पहिला, आणि रक्त नंतर, हे सूत्र येथे चांगले समजते.

दहाचा जुना नियम कसा मागे पडला

१९४२ साली अमेरिकेतील अॅडम्स आणि लंडी या दोन भूलतज्ज्ञांनी असे सुचवले की, शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर रोग्याला रक्त देणे हिताचे. पुढे सुमारे चाळीस वर्षे जगभरच्या इस्पितळांत हा दहाचा आकडा नियमासारखा पाळला गेला. आकडा चांगला दिसला म्हणजे रोगी बरा होईल, असा सर्वांचा समज होता. तो पडताळून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही.

१९८० नंतर रक्तातून एड्सचा विषाणू पसरतो असे कळले, तेव्हा डॉक्टर विचारात पडले. प्रत्येक पिशवी खरोखर आवश्यक आहे का, हा प्रश्न पुढे आला. त्याचे पहिले भक्कम उत्तर कॅनडातून मिळाले. तेथील डॉ. पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ अतिदक्षता विभागांतील ८३८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला हिमोग्लोबिन १० च्या खाली जाताच रक्त दिले. दुसऱ्या गटाला ते ७ च्या खाली गेल्यावरच दिले. हा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला.

तीस दिवसांत पहिल्या गटातील शंभरांपैकी सुमारे २३ रुग्ण दगावले, तर कमी रक्त मिळालेल्या गटातील सुमारे १९. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल इतकाच होता. म्हणून कमी रक्ताने अधिक लोक वाचतात असे सर्वांच्या बाबतीत म्हणता आले नाही. मात्र ५५ वर्षांखालील आणि तुलनेने कमी गंभीर रुग्णांत कमी रक्त देणेच स्पष्टपणे हितकारक ठरले. आणि थांबण्याने नुकसान झाले नाही, हे तर सर्वांच्या बाबतीत दिसले. रक्ताचा वापर मात्र निम्म्याहून कमी झाला.

पुढे असेच प्रयोग आणखी झाले. स्पेनमधील बार्सिलोना येथे जठरातून रक्तस्राव होणाऱ्या ९२१ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७ पर्यंत थांबलेल्या गटातील १०० पैकी ९५ रुग्ण सहा आठवड्यांनी जिवंत होते, आणि ९ ला रक्त दिलेल्या गटातील ९१. एकदम उसळणारा रक्तस्राव असलेले रुग्ण या प्रयोगात घेतले नव्हते. २०१४ साली उत्तर युरोपातून आलेल्या अहवालात रक्तात जंतुसंसर्ग पसरून रक्तदाब कोसळलेले सुमारे हजार रुग्ण होते. तेथे ७ आणि ९ या दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले.

तेव्हा डॉक्टर हिमोग्लोबिन साडेसात असताना थांबले, तर त्यामागे हयगय असेलच असे नव्हे. रक्तस्राव थांबलेला आहे, रक्तदाब ठीक आहे आणि हृदयविकार नाही, अशा रुग्णाच्या बाबतीत थांबणे हाच आजचा मान्य उपचार आहे.

सगळ्यांना एकच माप नाही

एकाच गावातल्या दोन शेतांना आपण एकच खत एकाच मात्रेत घालत नाही. येथेही तसेच आहे. सातचा आकडा सर्वांना लागू नाही.

रक्त भळाभळा वाहत असेल, म्हणजे ट्रॅक्टरचा अपघात, मळणीयंत्रात तुटलेला हात, बाळंतपणातील मोठा रक्तस्राव, अशा वेळी कोणी आकड्याची वाट पाहत बसत नाही. अशा प्रसंगी सुरुवातीला हिमोग्लोबिनचा आकडा फसवा असतो. बादलीतून अर्धे दूध सांडले तरी उरलेले दूध पातळ होत नाही; तसे रक्त निम्मे गेले तरी उरलेल्या रक्ताचा दाटपणा काही वेळ तोच राहतो. येथे रक्त, प्लाझ्मा आणि रक्तस्राव थांबवण्याचे उपाय एकदमच करावे लागतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांहून अधिक जखमींवरील जागतिक प्रयोगात ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे स्वस्त औषध लवकर दिल्यास मृत्यू कमी होतात असे सिद्ध झाले. नंतरच्या तपासणीत ते इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यावे असे दिसून आले. म्हणून जखमेवर घट्ट दाब धरून रुग्णाला तातडीने हलवावे. गावात वेळ घालवू नये.

दुसरा अपवाद हृदयविकाराचा. मघाशी थकलेल्या बैलांचा उल्लेख केला तो येथे लागू पडतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या आणि रक्तही कमी असलेल्या साडेतीन हजार रुग्णांवरील प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंका पूर्णपणे मिटली नाही. पण हिमोग्लोबिन १० च्या आसपास राखणे अशा रुग्णांना हितकारक असावे, असा कल दिसला. मेंदूला गंभीर इजा झालेल्या रुग्णांच्या बाबतीतही २०२४ च्या काही अभ्यासांनंतर डॉक्टर थोडे वरचे माप धरण्याचा विचार करू लागले आहेत. म्हणून शेजारच्या खाटेवरील रुग्णाला रक्त दिले आणि आपल्या माणसाला दिले नाही, यावरून भेदभाव झाला असे समजू नये. दोघांचे आजार निराळे असू शकतात.

एक पिशवी काय करते?

तांबड्या पेशींची एक पिशवी प्रौढाचे हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढवते. रक्तस्राव नसेल तर एक पिशवी देऊन पुन्हा तपासावे आणि मगच दुसरीचा विचार करावा, अशी आजची रीत आहे. "आणलेल्याच आहेत, तर दोन्ही चढवून टाका," असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

रक्त चढवताना धोका असतो तो असा. चुकीच्या गटाचे रक्त गेले तर जीव जाऊ शकतो. रक्ताचे गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०० सालच्या सुमारास शोधले, आणि तेव्हापासून जुळणी करूनच रक्त देतात. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिशय दुर्मिळ गट शोधला. तो जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. असा माणूस साध्या तपासणीत ओ गटाचा वाटतो, पण त्याला ओ गटाचे रक्त चालत नाही. म्हणून गट माहीत असला तरी दात्याचे आणि रुग्णाचे रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहावेच लागते. त्याला लागणारा वेळ हा उशीर नव्हे.

गट जुळला तरी ताप, थंडी, अंगावर पित्त उठणे हे त्रास होऊ शकतात. दुबळ्या हृदयाच्या माणसाला रक्ताचा भार सोसला नाही तर फुप्फुसात पाणी साठून धाप लागते. क्वचित दात्याच्या रक्तातील घटकांमुळे फुप्फुसांना तीव्र सूज येते. रक्तपेढीत कावीळ, एड्स इत्यादींच्या तपासण्या होतात, त्यामुळे रोग लागण्याचा धोका पुष्कळ कमी झाला आहे. पण तो अगदीच नाहीसा झालेला नाही.

आता दोन समजुतींविषयी. पहिली, "ताजे रक्तच हवे." तांबड्या पेशी शीतकपाटात योग्य रीतीने ४२ दिवसांपर्यंत टिकतात. ताज्या आणि नेहमीच्या साठवणीच्या रक्ताची तुलना करणारा, सुमारे अडीच हजार अत्यवस्थ रुग्णांचा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. ताज्या रक्ताने अधिक रुग्ण वाचले असे त्यात आढळले नाही.

दुसरी, "घरच्याचे रक्त अधिक चांगले." हे ऐकायला बरे वाटते, पण वैद्यकशास्त्र उलट सांगते. आईबाप, मुले, सख्खी भावंडे यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी रुग्णाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की शरीर त्यांना परके म्हणून ओळखत नाही. मग त्या आत तग धरतात आणि रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. हा विकार फार क्वचित होतो, पण झाल्यास तो बहुधा प्राणघातक असतो. पिशवीवर किरणांचा मारा केल्यास तो टळतो, पण ही सोय सर्वत्र नसते. म्हणून भावाने रक्त जरूर द्यावे, पण ते रक्तपेढीच्या साठ्यात द्यावे. ते दुसऱ्या कोणाच्या कामी येईल, आणि आपल्या माणसाला दुसऱ्या कोणाचे मिळेल.

रक्त न चढवता काय करता येते?

नातेवाइकांचा साधा प्रश्न असतो: लोहाचे औषध का देत नाहीत? कोठाराला कुलूप असताना दारात आणखी पोती आणून टाकण्याचा फारसा उपयोग होत नाही, हे त्याचे उत्तर. तीव्र आजार चालू असताना तोंडाने दिलेले लोह नीट शोषले जात नाही. शिरेतून लोह देऊन पाहिले आहे. ऑस्ट्रेलियातील १४० रुग्णांवरील २०१६ च्या प्रयोगात त्यामुळे रक्ताच्या पिशव्या लक्षणीय कमी लागल्या नाहीत. पण घरी जाताना हिमोग्लोबिन अधिक होते. जंतुसंसर्ग जोरात असताना मात्र डॉक्टर लोह देण्याची घाई करत नाहीत.

एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांवर एकेकाळी मोठी आशा होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, १,४६० रुग्णांवरील प्रयोगात त्यांनी रक्ताची गरज कमी केली नाही. उलट शिरांत गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढले. म्हणून मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात ही इंजेक्शने उपयोगी असली, तरी अतिदक्षता विभागात ती सर्रास देत नाहीत. फोलिक आम्ल किंवा बी-१२ कमी असल्याचे आढळले, तर मात्र ते भरून काढणे सोपे आणि स्वस्त आहे.

सर्वांत साधा उपाय म्हणजे रुग्णाचे रक्त वाया न घालवणे. तपासणीच्या लहान नळ्या वापरणे, एकदा घेतलेल्या रक्तातच अनेक तपासण्या उरकणे, रोजच्या ठरावीक तपासण्या खरेच हव्यात का ते पाहणे, हे उपाय पुष्कळ ठिकाणी सुरू झाले आहेत. कॅनडातील २५ अतिदक्षता विभागांत लहान नळ्या वापरून पाहिल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रक्त अपुरे पडल्याने तपासण्या अडल्या नाहीत, असे दिसले. पाण्याची बचत म्हणजेच पाण्याची वाढ, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

नातेवाइकांनी काय करावे?

१. जुनी माहिती द्या. पूर्वी हिमोग्लोबिन किती होते, मूळव्याध किंवा जठरव्रण आहे का, शौच काळे होत असे का, पाळीत जास्त जाते का, हे डॉक्टरांना सांगा. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेण्याची सवय असेल तर तीही लपवू नका. या गोळ्यांनी जठरातून रक्त झिरपते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर त्यांच्या चिठ्ठ्या दाखवा.

२. योग्य प्रश्न विचारा. "रक्त का देत नाही?" यापेक्षा "रक्त कशामुळे कमी होत आहे, आणि किती खाली गेल्यास आपण रक्त द्याल?" असा प्रश्न विचारावा. डॉक्टरांनाही त्याचे नीट उत्तर देता येते.

३. रक्त चढवण्यापूर्वी संमतीपत्रावर सही घेतात. ते समजून घेऊन सही करा. पूर्वी रक्त चढवताना त्रास झाला असेल तर तो त्याच वेळी सांगा.

४. पैसे घेऊन रक्त देणाऱ्या माणसाच्या नादी लागू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात अशा रक्तविक्रीला बंदी आहे. गरजेपोटी रक्त विकणारा माणूस आपला आजार सांगत नाही.

५. रक्तदान वेळेआधी करा. अठरा ते पासष्ट वर्षांचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि साडेबारा किंवा अधिक हिमोग्लोबिन असलेला निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषाने तीन महिन्यांनी आणि स्त्रीने चार महिन्यांनी पुन्हा द्यावे. सुगी आटोपल्यावर धर्मग्रामात रक्तदान शिबिर घेतले, तर कोणाच्या तरी मध्यरात्रीच्या बाळंतपणाला ते रक्त तयार मिळते.

घरी आल्यानंतर

मोठ्या आजारातून उठलेला माणूस घरी येतो तेव्हा बहुधा त्याचे रक्त कमीच असते. ते भरून यायला महिनोन् महिने लागतात. हिशोब पाहा. चारशे मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण २०० मिलिग्रॅम लोह जाते, आणि साध्या आहारातून शरीर दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच लोह शोषते. म्हणून "आता बरा झालास, चल नांगराला," अशी घाई करू नये. चढावर धाप लागणे, चक्कर, छातीत धडधड ही लक्षणे आळसाची नव्हेत.

आता मात्र कोठाराचे कुलूप हळूहळू उघडते आणि लोहाच्या गोळ्या उपयोगी पडतात. त्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात. हिमोग्लोबिन सुधारले तरी साठा भरण्यासाठी आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. गोळ्यांनी शौच काळे होते, त्याची भीती नको. चहा गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर घेऊ नये, त्याने लोह शोषले जात नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते अधिक शोषले जाते. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर तपासणीवाचून लोह घेऊ नये.

आहारात कलेजी, मांस आणि मासळी यांतले लोह सर्वांत सहज अंगी लागते. नाचणी, चवळी, कुळीथ, पालेभाज्या आणि अंडी हीही चांगली. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात, ही मात्र निव्वळ रंगाची भूल आहे. ती खायला हरकत नाही, पण औषध म्हणून त्यांवर विसंबू नये.

मुळाशी उपाय

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी २५ टक्के रक्तक्षयी आढळले. म्हणजे आपली पुष्कळ माणसे इस्पितळाच्या दारात पोचतात तीच अर्ध्या भरलेल्या कोठारानिशी. मग अपघात किंवा मोठा आजार आला की सोसण्याची ताकद कमी पडते.

हे काम मात्र घरी आणि आजच करता येण्याजोगे आहे. वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, विशेषतः घरातल्या स्त्रियांचे. शेतात अनवाणी फिरू नका आणि उघड्यावर शौचास बसू नका, कारण अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरून आतड्यात रक्त पितात. जंताचे औषध वेळेवर घ्या. मूळव्याध आणि पाळीतील अतिस्राव लाजेपोटी अंगावर काढू नका. हर्निया, गर्भाशय, सांधा अशी ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर निदान महिना-दीड महिना आधी रक्त तपासून कमतरता भरून काढा. बी पेरण्यापूर्वी जमीन तयार करतो, तशीच ही तयारी समजावी.

आणि कधी त्या बाकावर बसण्याची वेळ आलीच, तर कागदावरच्या एका आकड्याकडे पाहून घाबरून जाऊ नका. रक्त कशाने कमी होते आहे ते डॉक्टरांना विचारा, आणि त्या कारणावरील उपचाराला त्यांना साथ द्या.